पायालाही हात लावायचा नाही

वाई
१० फेब्रुवारी २०२५

जयराज,

चिरंजीव, अनेक आशीर्वाद वगैरे आज लिहीत नाही. राग निवला की लिहीन. काल संध्याकाळी तू मयूरीच्या फोनवर मला म्हणालास, "आक्का, तुझ्या त्या शिकवण्यानं माझं घर फुटलं," आणि फोन ठेवलास. त्यानंतर तुझा फोन लागत नाही. सरहद्दीवरच्या तुमच्या चौकीवर रेंज नसते हे मला माहीत आहे, आणि कधी कधी ती मुद्दामही नसते हेही कळतं. पत्र मात्र तुझ्या हातात पडेलच. अर्ध्यावर घडी घालून ठेवलंस तरी उरलेलं अर्धं खिशात राहील.

आण्णांनी तुला काय सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे. "तुझ्या पोरीनं जावळात तमाशा केला." आण्णा मांडवाच्या दाराशी पाहुण्यांचं स्वागत करत होते. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते, म्हणून मी सांगते.

मल्हारचं जावळ. अंगणात मांडव, सांगलीहून तुझ्या सासरची माणसं गाडी करून आलेली. ऋषिराजनं भाच्याला चांदीचं कडं, टोपडं, सगळा आहेर आणला होता आणि कुपवाडला आपलं वर्कशॉप कसं जोरात चाललंय हे तो ज्याला त्याला सांगत होता. बाळाला मामाच्या मांडीवर बसवायचं आणि केस खाली पडू नयेत म्हणून आत्यानं नवं कापड धरायचं, ही आपली रीत. मी कापड धरून बसले. तुझा मेहुणा पाटावर मांडी घालून बसला. मयूरीनं मल्हारला त्याच्याकडे दिलं, न्हाव्यानं कात्री उचलली आणि ओवी स्वयंपाकघरातून बाहेर आली. धावत नाही, चालत आली. तिनं भावाच्या काखांत हात घालून त्याला मामाच्या मांडीवरून उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मल्हारला मामाच्या मांडीवर बसवायचं नाही. मामा नको तिथं हात लावतो. मला लावलाय."

पहिली हलली ती आपली आई. तिनं ओवीच्या थोबाडीत मारली. "शुभ कार्यात असलं बोलत्यात व्हय गं?" असं म्हणाली. म्हणजे अशुभ कार्यात बोललं असतं तर चाललं असतं, असं धरायचं का? मग गुंडातात्या उठले. तुमच्या भावकीत सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्यांचा शब्द खाली पडत नाही. "शालूबाई, पोरीला आत न्या. मुहूर्त टळतोय," ते आईला म्हणाले. ओवीला धान्याच्या खोलीत नेऊन बाहेरून कडी घातली.

आणि जावळ झालं बरं का. त्याच मांडीवर. मल्हार कळवळून रडत होता. मी कापड टाकलं आणि उठले, त्यामुळे बाळाचे केस जमिनीवर पडले. पोरीनं काय सांगितलं यापेक्षा केस जमिनीवर पडले याचं आईला जास्त लागलं. ती आजही तेच बोलते आहे.

कडी मी काढली. ओवी गव्हाच्या पोत्यावर बसली होती. मी तिला खोदून काही विचारलं नाही. मुलाला जेवढं सांगायचं आहे तेवढं सांगू द्यायचं, आपण शब्द पुरवायचे नाहीत, हे मला शिकवलेलं आहे. तिनं सांगितलं तेवढं पुरेसं होतं. कुपवाडला मामाकडे, दिवाळीच्या सुट्टीत. एकदा नाही. याहून जास्त या पत्रात लिहिणार नाही, कारण तुमच्याकडे पत्रं आणखी कुणी उघडतं का हे मला माहीत नाही.

मी तिला एवढंच विचारलं की बाळा, मांडवात का सांगितलंस. ती काय म्हणाली ते तसंच्या तसं लिहिते. "आत्या, तूच म्हणालीस ना, एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं. ऐकेपर्यंत सांगायचं. मम्मीला सांगितलं तर म्हणाली, मामा लाड करतो. आजीला सांगितलं तर म्हणाली, परत बोललीस तर जीभ डागीन. एकेकाला किती दिवस सांगत बसू? म्हणून सगळे जमल्यावर सांगितलं. एवढ्यातलं कुणीतरी ऐकंल."

दहा वर्षांच्या पोरीनं केलेला हा हिशोब आहे, जयराज. सगळा गोतावळा जमवला तर त्यात एक तरी माणूस निघेल, असा.

आता माझ्या शिकवण्याविषयी. श्रावणात तिच्या शाळेला सुट्टी होती म्हणून ती माझ्याबरोबर शिरवळला माझ्या चौथीच्या वर्गात आली आणि मागच्या बाकावर बसली. तो पाठ मी दरवर्षी घेते. आमच्याकडे एक तक्ता आहे, त्यात काळा चष्मा लावलेला मिशाळ माणूस मुलीला चॉकलेट देतोय. तो तक्ता मी भिंतीकडे तोंड करून ठेवते. काळा चष्मा लावून कुणी येत नाही. जो येतो त्याला पोरं काका, मामा, दादा, सर म्हणतात. मी मुलांना सांगते की आपलं अंग आपलं असतं. न आवडणारा हात कुणाचाही असो, नाही म्हणा, तिथून निघा, मोठ्या माणसाला सांगा आणि घरात कुणीच ऐकलं नाही तर १०९८ लावा. पालक येऊन भांडतात. "बाई, पोरांच्या डोक्यात भलतंसलतं घालू नका." तूही काल तेच म्हणालास. डोक्यात मी घातलं, मान्य. अंगावर हात कुणी घातला?

आज सकाळी मी मयूरीला फोन केला, चल, पोलिसांत जाऊ. ती म्हणाली, संध्याकाळी तात्यांनी बैठक ठेवली आहे, तेवढं होऊ द्या. तिनं स्वतः मुलीचा हात धरून यावं असं मला वाटतं, म्हणून उद्या सकाळपर्यंत थांबते. ती आली नाही तर मी एकटी जाणार. असं कळल्यावर गप्प बसणं हा गुन्हा आहे. तो कायदा नसता तरी मी गेले असते. तुझी परवानगी मागत नाही, तुला कळवते आहे.

आक्का


वाई
१२ फेब्रुवारी २०२५

जयराज,

मागचं पत्र तुला अजून मिळालं नसेल. तरी पुढचं लिहिते.

बैठक झाली. मला आण्णांनीच बोलावलं, "तूबी ये, तुझ्यासमोरच मिटवू." मला वाटलं, निदान त्याला चार शब्द सुनावतील. सोप्यात सतरंजी टाकली होती. तात्या मधोमध, आण्णा त्यांच्या शेजारी पानाला चुना लावत, समोर ऋषिराज आणि त्याची आई रंगूबाई. चहा झाला. तात्यांनी विचारलं, "ऋषिराज, चुकलास का?" तो म्हणाला, "लाडात कुठं हात लागला आसंल, तर चुकलो." तात्या म्हणाले, "झालं. माणूस चूक मानतोय. आनी काय पायजे?"

मी म्हणाले, लाडात हात लागणं निराळं. तात्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "मास्तरीनबाई, तुमी शाळेत बोला." आणि निकाल दिला. मामानं समद्यांसमोर भाचीच्या पाया पडायचं. "ह्याच्यापरीस मोठी शिक्षा कंच्या कोर्टात हाय? पोरीचा मान ऱ्हातो, घराची आब ऱ्हाती."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रंगूबाईनं तर डोळ्याला पदर लावला. त्यांना खरोखर वाटत होतं की आपण फार मोठं काही करतोय. मामा भाचीकडून पाया पडून घेत नाही, तोच तिच्या पाया पडतो, हा आपल्याकडचा मान. तुला आठवतंय, आपला मामा माझ्या पाया पडायचा तेव्हा तू जळायचास. मला त्या मानाचा अभिमान होता. त्या मानाचं हे लोक काय करतील याची मला कल्पना नव्हती.

ओवीला नवं परकर-पोलकं नेसवून आणलं. पाट मांडला. आईनं पाटाभोवती रांगोळी काढली, आदल्या दिवशी ज्या हातानं मारलं त्याच हातानं. ओवीला पाटावर उभी केली.

तिनं विचारलं, "हे कशाला?"

"मामा तुझ्या पाया पडनार हाय," तात्या म्हणाले. "मग समदं फिटलं. मग तू बी इसरायचं."

"पण मामानं मला हात लावायचा नाही, असं मी सांगितलंय ना?"

"आगं पोरी, पाया पडनं म्हंजी हात लावनं न्हवं."

"हातच लावणार ना?" ती म्हणाली.

एवढी शहाणी माणसं, सैन्यातून आलेली, शेकडो टन ऊस कारखान्याला घालणारी, सगळी पानाचं तबक एकमेकांकडे सरकवायला लागली. ती पाटावर खाली बसली आणि पाय परकरात ओढून घेतले. आईनं तिला खांद्यांना धरून परत उभं केलं आणि धरून ठेवलं. "उभी ऱ्हा. मामा वाकतोय, दिसत न्हाई?" मी आईचा हात सोडवायला गेले तर आण्णा पहिल्यांदा बोलले, मला. "राजेश्वरी, बस खाली."

ऋषिराज वाकला आणि त्यानं तिची दोन्ही पावलं हातांत धरली. नुसता स्पर्श करून उठला नाही. धरली. ओवी ओरडली नाही. तिनं डोळे मिटले आणि अंग लाकडासारखं ताठ केलं. वर्गात मी सांगते, मोठ्यानं ओरडा. पण ती बिचारी कुणासाठी ओरडणार होती? ज्यांनी धावून यायचं तेच तिला धरून उभे होते.

आणि मग तुझी बायको बोलली. मल्हारला कडेवर घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोन दिवस तिनं सगळ्यांसमोर तोंड उघडलं नव्हतं. मला तिचा इतका राग आला होता की मी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"ऋषी, पाय सोड."

तो खालूनच हसला. "आगं ताई, पाया पडतोय मी."

"सोड म्हनलं ना."

तिनं मल्हारला माझ्याकडे दिलं, आईचे हात ओवीच्या खांद्यांवरून काढले आणि पोरीला उचलून घेतलं. दहा वर्षांची घोडी, पण कडेवर घेतलं. रंगूबाई ओरडली, "भावाला तुरुंगात घालतीस व्हय गं, भवाने?" मयूरीनं स्वतःच्या आईकडे बघितलंही नाही. ती मला म्हणाली, "आक्का, एस.टी. कितीची हाय?" पायात चपला नव्हत्या तिच्या. आम्ही चौघं तशीच फाट्यावर गेलो.

बसमध्ये ती म्हणाली, "ती डोळे मिटून उभी ऱ्हायली ना, तशीच ती दिवाळीपासनं माझ्याजवळ झोपायची. ताठ. मला वाटायचं थंडी वाजती." एवढंच बोलली. माझ्याकडे तिच्यासाठी साठवलेलं बरंच होतं, ते गिळलं.

काल सकाळी वाईच्या ठाण्यात तक्रार दिली, मयूरीच्या सहीनं. गुन्हा कुपवाडचा असला तरी तक्रार इथे घेतात, पुढचे कागद तिकडे जातात. उद्या एक पोलीस बाई घरी येणार आहेत ओवीचा जबाब घ्यायला, साध्या कपड्यांत. तसाच नियम आहे.

तात्यांचा फोन आला होता. म्हणाले, "देवासारखा न्याय केला हुता, तुमी मातीत घातला." मी त्यांना म्हणाले, तात्या, पुढच्या वेळी पाटावर तुमच्या नातीला उभी करा. त्यांनी फोन ठेवला. अलीकडे आपल्या घरातले सगळे पुरुष फोन ठेवण्यात तरबेज झालेत.

आक्का


वाई
७ मार्च २०२५

जयराज,

तुझं पत्र आज मिळालं. दोनदा वाचलं. अक्षर अजून तसंच आहे, शाळेतलं, उजवीकडे कललेलं.

ऋषिराजला अटक झाली हे तुला कळलेलं दिसतं, कारण तू त्याविषयी अर्धं पान लिहिलं आहेस. सासरच्या माणसांना तोंड कसं दाखवू, पलटणीत कळलं तर काय, मयूरीनं माहेर तोडलं, आण्णा जेवत नाहीत. ओवीविषयी दोन ओळी आहेत. मी मोजायला बसले नव्हते, पण एवढंसं पटकन दिसतं. आणि मग तू लिहितोस, "आक्का, सगळ्यात जास्त राग मला याचा येतो की मला कुणीच काही सांगितलं नाही. मी बाप आहे. मला पहिल्यांदा कळायला हवं होतं. मला सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे बंदोबस्त केला असता, पोलीस-कोर्टाची वेळच आली नसती."

हे वाक्य तू लिहिलं नसतंस, तर पुढचं मी तुला लिहिणार नव्हते. मनाशी ठरवलं होतं. तू रजेवर आलास की समोर बसवून सांगीन, नाहीतर सांगणारच नाही, असं.

जबाबाच्या दिवशी पोलीस बाई पंजाबी ड्रेस घालून आल्या. माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या, ओवीबरोबर शेंगा सोलल्या. घाई केली नाही. ओवी बोलली. मयूरी शेजारी बसून होती आणि मधे एकदाही उठली नाही. शेवटी बाईंनी विचारलं, "हे तू कुणाकुणाला सांगितलंस?"

ओवी म्हणाली, मम्मीला, आजीला, मग जावळात सगळ्यांना.

"आणखी कुणाला?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग मयूरीकडे. शेंगांची टरफलं गोळा करायला लागली. बाई थांबल्या. मग ओवी म्हणाली, "पप्पांना."

मयूरीचा चेहरा बघवत नव्हता. तिलाही माहीत नव्हतं.

भाऊबिजेच्या दिवशी तू कुपवाडला फोन केला होतास. मयूरी ओवाळणीच्या गडबडीत होती म्हणून फोन ओवीनं घेतला आणि ती तो घेऊन वर्कशॉपच्या मागे गेली. तिनं तुला सांगितलं, पप्पा, मामा नको तिथं हात लावतो. मला घरी न्या. तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. तिला आठवतं. "बाळा, आज सणाचा दिवस आहे, असं काही बोलू नये. मम्मीला दे फोन." तिनं मम्मीला फोन दिला. तू मयूरीला विचारलंस, साळ्याला ओवाळलंस का, आणि मल्हारचं जावळ माघात करू म्हणालास. ओवी त्यानंतर आणखी चार दिवस त्या घरात होती.

तुला कुणी सांगितलं नाही म्हणतोस. तुला सगळ्यांच्या आधी सांगितलं. आईच्या आधी, आजीच्या आधी, माझ्या तर कितीतरी आधी. सगळ्यांना सोडून ती पहिल्यांदा तुझ्याकडे आली, कारण तिचा बाप बंदूक घेऊन देशाच्या हद्दीवर उभा असतो आणि तो कुणाला आत येऊ देत नाही, असं ती शाळेत सगळ्यांना सांगते.

अजून संपलं नाही. पोलीस बाई लिहायला लागल्या, तर ओवीनं त्यांच्या कागदावर हात ठेवला. म्हणाली, "पप्पांचं लिहू नका."

बाईंनी विचारलं, "का? खरं नाही का ते?"

"खरं आहे. पण लिहू नका. पप्पांना त्रास होईल. ते लांब असतात, त्यांना ऐकायला नीट येत नाही."

कळतंय का तुला? तिला मारलं, कोंडलं, पाटावर धरून उभं केलं, आणि या सगळ्यात ती सांभाळत कुणाला होती? तुला. अंगात ताप भरावा तसा मला राग येतो तुझा, आणि त्याच वेळी हेही दिसतं की एवढी माया तू आयती मिळवून बसला आहेस. तुला ती पेलेल की नाही, मला ठाऊक नाही.

बाईंनी ते लिहिलं. लिहायलाच हवं होतं. मीही त्यांना अडवलं नाही. कागदावर तुझं नाव आहे, तिनं ज्यांना सांगितलं त्यांत सगळ्यात वर.

पुढच्या महिन्यात तिला न्यायाधीश बाईंसमोर बोलायचं आहे. मयूरी बरोबर असेल, मी असेन. तिनं मला विचारलं, पप्पा येतील का. मी खोटं बोलले नाही, माहीत नाही म्हणाले. ती म्हणाली, आले तर त्यांना बाहेर बसू दे, आत त्यांच्यासमोर मला बोलता यायचं नाही. मग थोड्या वेळानं म्हणाली, पण बाहेर बसू दे.

तेव्हा रजा टाक. कारण काय द्यायचं ते तुझं तू बघ, खरं कारण दिलंस तर तुझी मान खाली जाणार नाही, माझ्या मते वर येईल. गावी जाऊ नकोस, आण्णांकडे आणि तात्यांकडे तर मुळीच नको. सरळ वाईला ये. मयूरी तुझ्याशी बोलेल असं समजू नकोस. मीही चहा करीन, पण बोलेनच असं नाही. ओवीला जवळ घ्यायला धावू नकोस, हात पुढे करू नकोस, तिला वाटलं तर ती येईल. तिला काही विचारू नकोस आणि "झालं गेलं" हा शब्द तर तोंडातून काढूच नकोस. तिनं आपणहून बोलायला सुरुवात केली, तर या वेळी शेवटपर्यंत ऐक.

राजेश्वरी